बी.एस.ए. एम-20 च्या पुढच्या ब्रेकला नवे शू बसत नाहीत. पार्ट चुकीचा आलाय का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची 1943 ची एम-20 मोटरसायकल पुन्हा चालू करताय. "बी.एस.ए. 7 इंची" म्हणून शू मागवले, ते ड्रममध्ये जातात, पण ब्रेक दाबला की लायनर फक्त कॅमकडच्या टोकाला घासतो आणि गाडी थांबत नाही. (शू म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या दोन कमानी, लायनर म्हणजे त्यांच्यावरचा घासणारा थर; शूचं एक टोक पिनवर फिरतं, दुसरं कॅम उघडतो.) माझ्याकडे हीच गाडी सोळा वर्षं आहे आणि पहिल्या वर्षी मीही इथेच अडकलो होतो. शू परत पाठवायची घाई करू नका. बहुधा शू बरोबर आहेत, ड्रम मोठा झालाय.

आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते ओळखा. आरसी बुकावरच्या सालावर विसंबू नका. इंजिन नंबर "डब्ल्यू.एम. 20" ने सुरू होत असेल तर मशीन युद्धकाळातल्या लष्करी गाडीचं. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्याने अशा सव्वा लाखाहून जास्त गाड्या बनवल्या आणि लष्कराने विकून टाकलेल्यांपैकी कितीतरी आपल्याकडे राहिल्या. त्यांना पुढे गर्डर फोर्क होता, म्हणजे दांड्यांच्या चौकटीचा. टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, एम-20 ला 1948 मध्ये आला. तुमच्या गाडीला टेलिस्कोपिक असेल तर पुढचा भाग नंतर कुणीतरी बदललाय, आणि ब्रेक प्लेट (शू जिच्यावर बसतात ती) फोर्कला जिथे अडकते ती जागाही वेगळी असणार. मग पार्ट शोधायचा तो त्या फोर्कच्या गाडीचा.

पार्ट नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी काढला ते कळतं. 65 म्हणजे बी.एस.ए.च्याच बी-31 चं घराणं, 67 म्हणजे ए-10 चं. पण बी.एस.ए. एकच पार्ट अनेक मॉडेलना लावायची, त्यामुळे आकडा दुसऱ्या मॉडेलचा आहे एवढ्यावरून पार्ट चुकीचा ठरत नाही.

आता माप. 7 इंच म्हणजे 177.8 मिमी. विकणारे पुष्कळदा "180" लिहून मोकळे होतात. बी.एस.ए.चा पुढे एक 190 मिमीचा ड्रमही आला, तो पूर्ण वेगळा. व्हर्निअर घेऊन ड्रम आतून मोजा, पण कडेला नाही. कडेला न झिजलेली गंजकी धार उरलेली असते. लायनर जिथे घासतो तिथे मोजा, मग चाक काटकोनात फिरवून पुन्हा मोजा. दोन मापांत पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ड्रम अंडाकृती झालाय. माझा ड्रम 179.3 भरला, कारण आधीच्या कुणीतरी तो लेथवर दोनदा तरी फिरवून घेतला होता. 177.8 साठी बनवलेला शू अशा ड्रममध्ये पिनभोवती जास्त उघडतो आणि कॅमकडचं टोकच आधी टेकतं. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. उलट शू पिनच्या बाजूला घासला असता, चाक जड फिरलं असतं, तर मी म्हटलं असतं की शूची टाच (पिनकडचं टोक) जाड आहे, पार्ट वेगळाच आलाय.

उपाय असा. जुना लायनर काढून जाड लायनर रिव्हेट करून घ्या. रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडे मारायचे, आणि त्यांची डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या बरीच खाली गेली पाहिजेत. नंतर दोन्ही शू, स्प्रिंग आणि कॅम तुमच्याच ब्रेक प्लेटवर चढवा, कॅमखाली पातळ पत्रा देऊन शू किंचित उघडे ठेवा, आणि टर्नरकडून लायनर ड्रमच्या मापापेक्षा अर्धा मिमी कमी करून घ्या. हे काम नेटकं करणारा टर्नर शोधायला दिवस गेला तरी जाऊ द्या, सगळा ब्रेक त्याच्यावर आहे. लायनरच्या टोकांना कानशीने थोडा उतार द्या, नाहीतर ब्रेक अचानक पकडतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधल्या पोरांनाही सांगा, त्यांना हे कुणी सांगत नाही.

नट-बोल्टांचे आटे बघा. या गाडीला बहुतेक ठिकाणी बारीक सायकल आटे आहेत. 5/16 चा बोल्ट 8 मिमीच्या बोल्टासारखाच दिसतो, पण पहिल्याला इंचाला 26 आटे, दुसऱ्याला साधारण 20. माझ्या गाडीत एका गॅरेजने 8 मिमीचा बोल्ट पान्याने रेटून बसवला होता आणि तो हाताने ओढला तसा निघून आला. तीस-चाळीस रुपयांच्या बोल्टासाठी पुढचा ब्रेक पणाला लावू नका. पिच गेज (आटे तपासायची पट्टी) जवळ ठेवा.

बसवताना कॅमच्या दांड्याला ग्रीसचं बोट नुसतं फिरवा. जास्त लावलं तर ते लायनरवर उतरतं. प्लेट फोर्कला नीट अडकलीय हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हीने तपासा. ती सुटली तर प्लेट चाकाबरोबर फिरेल, केबल गुंडाळेल आणि चाक जागीच जाम होईल. एक्सलचा नट सैल ठेवून चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबा आणि दाबलेलाच ठेवून नट आवळा, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. शेवटी ब्रेक दाबलेला असताना केबल आणि प्लेटवरची कॅम फिरवणारी दांडी यांच्यात काटकोन आला पाहिजे. दांडी त्याच्या पुढे गेली असेल तर ती मागे घ्या.

पहिले शंभरेक किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर हलके ब्रेक मारत चालवा, मग चाक काढून लायनर बघा. चमक तीन-चतुर्थांश भागावर दिसली तर काम झालं. अजूनही कॅमकडेच दिसली तर ड्रमची दोन्ही मापं आणि प्लेटचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.