ब्राउझर हळू की लॅपटॉप? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. क्रोममध्ये दहाएक टॅब उघडले की माउससुद्धा अडखळतो. फायरफॉक्स किंवा एज घेतलं तर वेग वाढेल का? (सांगली)

उत्तर: नुसता ब्राउझर बदलून तुमचं काम भागणार नाही. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी हे सगळे क्रोमच्याच ब्लिंक इंजिनवर (पान उभं करणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्यावर) चालतात. वेगळं इंजिन म्हणजे फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. पण तुमचं दुखणं इंजिनचं नाहीच. रॅम भरली की विंडोज तिच्यातला डेटा हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि तुम्ही टॅब बदललात की तो परत वाचून आणतं. फिरत्या तबकडीच्या डिस्कला हे झेपत नाही, म्हणून सगळंच अडकतं. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिस्क’चा रकाना १०० टक्क्यांवर ठाण मांडून बसलेला आणि ‘मेमरी’ नव्वदीपार दिसली, तर हेच कारण.

आता क्रोममध्येच शिफ्ट + एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. ‘मेमरी फूटप्रिंट’ या मथळ्यावर क्लिक केलंत की सगळ्यात खादाड टॅब वर येतो. याच यादीत एक्स्टेन्शन्सही, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही, दिसतात. वर्षभर न वापरलेली कूपन शोधणारी, स्क्रीनशॉट घेणारी एक्स्टेन्शन्स काढून टाका. नुसतं बंद ठेवूनही चालतं, पण काढलेलं बरं.

मग सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. तुमच्या ४ जीबीसाठी ‘मॅक्सिमम’च ठेवा. पडून राहिलेले टॅब त्यामुळे रॅममधून उतरवले जातात आणि परत गेलात की पान नव्याने लोड होतं. अर्धवट भरलेला फॉर्म किंवा गाणं वाजत असलेला टॅब सहसा उतरवला जात नाही. तरी व्हॉट्सॲप वेबसारख्या साइट त्याखालच्या ‘नेहमी सक्रिय ठेवा’ यादीत टाका. शेवटी ‘सिस्टीम’मध्ये जाऊन क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवण्याचा पर्याय बंद करा. एजमध्ये अशा पर्यायाबरोबर ‘स्टार्टअप बूस्ट’ ही सोयही असते, तीही एज बंद असताना मागे चालू राहते. ८ जीबीच्या वर ती उपयोगी आहे, ४ जीबीवर अडगळ.

तुलना करायचीच असेल, तर स्पीडोमीटर ३ ही चाचणी घ्या. ब्लिंक, गेको आणि वेबकिट या तिन्ही इंजिनांच्या कर्त्यांनी मिळून ती मार्च २०२४ मध्ये आणली. क्लिक केल्यावर पान किती चटकन हलतं ते ती मोजते. रॅम किती खाल्ली, हे मात्र त्यात कळत नाही. चार्जर लावून ठेवा, कारण बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो. नवं, एक्स्टेन्शन नसलेलं प्रोफाइल वापरा आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये तीनदा चालवून मधला आकडा धरा. दोघांत पाच-सात टक्क्यांचा फरक आला तर सोडून द्या, तो हाताला जाणवत नाही. रॅमसाठी तेच आठ टॅब उघडा, पाच मिनिटं थांबा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये त्या ब्राउझरची बेरीज बघा.

जाणवणारा फरक पडतो तो जाहिराती अडवल्यावर. बातम्यांच्या पानावर मजकुरापेक्षा जाहिरातींचा कोड जड असतो. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तिथे चालत नाही, फक्त त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण ताकदीने चालतं, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. फायरफॉक्सकडे जायचं तर या कारणासाठी जरूर जा. आणि पैसे खर्च करायचे झाले, तर आधी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाका, मग रॅम ८ जीबी करा. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाख दिलेली असते. मोकळा स्लॉट आहे का, ते विकत घेण्याआधी बघा.

प्रश्न: यूट्यूबवर १०८० पी लावलं की जुन्या लॅपटॉपचा पंखा घोंगावतो आणि चित्र तुटक दिसतं. हा ब्राउझरचा दोष का? (नाशिक)

उत्तर: बहुतेक वेळा दोष कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ ज्या पद्धतीने आकसून साठवलेला असतो तिचा, असतो. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘कोडेक्स’पुढे एव्ही०१, व्हीपी०९ किंवा एव्हीसी१ यांपैकी काहीतरी दिसेल. एव्ही०१ उलगडणारं हार्डवेअर इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ११व्या पिढीपासून आलं. त्याआधीच्या चिपवर ते काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, म्हणून पंखा ओरडतो. एव्हीसी१ म्हणजे एच.२६४, ते जुन्या चिपलाही जमतं. यूट्यूबच्या सेटिंग्जमधल्या ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’मध्ये ‘प्रीफर एव्ही१ फॉर एसडी’ निवडा (एव्ही१ म्हणजेच एव्ही०१), म्हणजे मोठ्या रिझोल्यूशनला एव्ही०१ येणार नाही. व्हीपी०९लाही पंखा ओरडत असेल तर ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन टाका. मग १०८० पीच्या वर जाता येणार नाही, पण त्या पडद्यावर तुम्हाला त्याची गरजही नाही. ब्राउझरच्या ‘सिस्टीम’ सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारा पर्याय) चालू आहे ना, तेवढं पाहून घ्या. कुणाच्या तरी सल्ल्याने ते बंद केलेलं असतं.

प्रश्न: आयफोनवर क्रोम टाकल्याने सफारीपेक्षा वेग मिळेल का? (पणजी)

उत्तर: नाही. भारतातल्या आयफोनवर प्रत्येक ब्राउझरला ॲपलचं वेबकिटच वापरावं लागतं. कॉम्प्युटरवरचे बुकमार्क आणि पासवर्ड क्रोममध्ये असतील, तर सोयीसाठी खुशाल टाका.

प्रश्न: आमच्या कार्यालयाचं जुनं पोर्टल फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचं. आता काय करावं? (लातूर)

उत्तर: एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, पण त्याचं इंजिन एजमध्ये शिल्लक आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’ उघडा. इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये साइट लोड करू देण्याचा पर्याय ‘अलाउ’ करा आणि एज पुन्हा सुरू करा. मग तिथल्याच पानांच्या यादीत पोर्टलचा पत्ता ॲड्रेस बारमधून जसाच्या तसा कॉपी करून टाका. ॲक्टिव्हएक्स या एक्सप्लोररच्या जुन्या तंत्रावर चालणारी डिजिटल सहीसुद्धा याच मोडमध्ये चालते. यादीतली नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते. महिन्याने पोर्टल अचानक बंद पडलं, तर आधी ही यादी उघडून पत्ता पुन्हा घाला.