रानवाटेवरची फळं: चाखण्याआधी काय बघावं?

उष्ण कटिबंधातल्या शेतांतून, बागांतून आणि रानाच्या कडेनं वाटाड्याबरोबर चालायचं, वाटेत लागतील ती फळं चाखायची, अशा फेऱ्यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख ‘अमुक फळ खाण्याजोगं आहे का?’ असा आहे. आमच्या मते एवढं विचारून भागत नाही. कोणतं फळ, त्याचा कोणता भाग, ते कितपत पिकलंय आणि खाणारा कोण, या चारही गोष्टी कळल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

प्रश्न: वाट सहा किलोमीटरची, चढ तीनशे मीटरचा. आयोजक साडेचार तास सांगतात. एवढा वेळ कशाला?

आयोजकांचा हिशेब बरोबर आहे. डोंगरचालीचा नेस्मिथचा नियम 1892 सालचा. ताशी पाच किलोमीटर, शिवाय दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. त्यानं तुमची वाट पावणेदोन तासांत संपते. पण तो नियम थंड हवेतल्या, न थांबता चालणाऱ्या सराईत माणसासाठी आहे. दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. त्यात निसरडी मुळं, चिखल, मागे राहणारी मंडळी. म्हणून आकडा दुप्पट धरा. वर फळांसाठी दहा-दहा मिनिटांचे सहा थांबे. झाले साडेचार तास. ‘दोन तासांत सगळं दाखवतो’ म्हणणाऱ्याकडे चाखायला उसंत मिळणार नाही.

उजाडल्यावर लगेच निघा, कारण गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. मोठा चढ आधी उरकावा आणि फळांचे बरेचसे थांबे उतारावर ठेवावेत. भरल्या पोटी चढणं जड जातं.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट घेत. ‘फळांतून पाणी मिळतंच की’ हा समज अर्धाच खरा आहे. फळांत पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम मात्र नावालाच. आणि घामातून जातं ते प्रामुख्यानं सोडियमच. म्हणून जलसंजीवनीची एक पुडी सोबत असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज हे प्रमाण आहे. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरात कालवू नका. द्रावण दाट झालं की फायद्याऐवजी जुलाब वाढू शकतात.

प्रश्न: वाटाड्या खरोखर जाणकार आहे हे निघण्याआधी कसं ओळखावं?

त्याला एकच प्रश्न विचारा: ‘या फळाचं काय खायचं नाही?’ जाणकार माणूस क्षणभरही न अडखळता सांगतो. सीताफळाच्या बिया चावायच्या नाहीत आणि कुटायच्या तर मुळीच नाहीत, कारण बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. कोकोची शेंग फोडल्यावर बियांभोवतीचा पांढरा, आंबटगोड गर चोखायचा. बी कडू असते, ती चघळत बसू नये. (शेंग हातात धरून कोयता मारणाऱ्यापासून लांब उभे राहा. ती दगडावर किंवा ओंडक्यावर आपटूनही फुटते.)

पिकण्याची परीक्षा याहून अवघड. मॉन्स्टेराचं कणसासारखं फळ घ्या. त्याची हिरवी षटकोनी खवलं आपोआप गळतात आणि गळतील तेवढाच भाग त्या दिवशी खाण्याजोगा असतो. घाईनं पुढचं खवलं उचकटलं, तर आत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत आणि घशात रुततात. अ‍ॅकी या फळाचं तर झाडावर आपसूक उमलणं हीच खूण. न उमललेल्या फळात हायपोग्लायसिन हे विष बरंच असतं. उमलल्यावरही काळ्या बिया आणि लालसर पापुद्रा टाकून फक्त पिवळा गर, तोही शिजवून खातात. वाटेवर ते चाखायला देऊ करणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

चांगल्या वाटाड्याच्या आणखी दोन खुणा आहेत. निघण्याआधी तो प्रत्येकाला अ‍ॅलर्जी, मूत्रपिंड, मधुमेह आणि चालू औषधं यांबद्दल विचारतो. आणि वाटेत एखादं फळ दिसलं तरी ‘याची मला खात्री नाही, राहू द्या’ असं म्हणतो. हे वाक्य ऐकलंत की त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

प्रश्न: पक्षी आणि माकडं जे फळ खातात ते माणसाला चालतं, हे खरं ना?

नाही. या समजुतीनं अनेकांचा घात होऊ शकतो म्हणून सविस्तर लिहितो. मिरचीचं उदाहरण सगळ्यांना पटेल. पक्ष्यांना तिखटपणा जाणवतच नाही, कारण कॅप्सेसिन त्यांच्या चेताग्राहकाला चिकटून तो जागा करत नाही. आपल्या तोंडाची मात्र आग होते. दुसरं म्हणजे पुष्कळ पक्षी बी न फोडता गिळतात आणि तशीच बाहेर टाकतात. काजऱ्याची नारिंगी फळं धनेश खातात, पण त्याच फळाच्या बीत स्ट्रिक्निन असतं. गुंजेची लाल-काळी बी अख्खी गिळली गेली तर कठीण कवचामुळे कधी कधी निभावतं. चावली, किंवा माळेसाठी भोक पाडताना तिची पूड पोटात गेली, तर त्यातलं अ‍ॅब्रिन जिवावर बेततं.

नुसतं रूपही फसवतं. दलदलीच्या, खाडीच्या काठी सेर्बेरा ओडोल्लमचं झाड दिसतं. त्याचं फळ लहान कैरीसारखं असतं आणि बीमधलं सेर्बेरिन हृदयाची गती बिघडवतं. कॅरिबियन किनाऱ्यांवरच्या मँचिनीलचं फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वासालाही गोड. त्याचा चीक इतका जहाल, की पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. मोगली एरंडाची फळं मुलांनी खाल्ल्यावर उलट्या-जुलाब होतात, तेव्हा ‘चवीला बरी लागली’ ही खूणही धरू नका. जीव वाचवण्याच्या पुस्तकांतली ‘थोडं ओठाला लावून वाट पाहा’ ही युक्ती सहलीत वापरण्यासाठी नाहीच. ओळख पटली नाही तर फळ झाडावरच राहू द्यावं.

प्रश्न: सात-आठ फळं चाखली की शेवटी सगळ्यांची चव सारखीच लागते. क्रम कसा लावावा?

क्रम चुकला की असंच होतं. फार गोड फळानंतर सौम्य फळ आंबट किंवा पचपचीत लागतं. तुरट फळातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, त्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि काही मिनिटं दुसऱ्या कशाची नीट चव येत नाही. म्हणून पाणीदार आणि सौम्य फळानं सुरुवात करावी, जाम हे त्याला उत्तम. मग पपई, चिकू. त्यानंतर आंबटगोड अननस, पॅशन फ्रूट. नंतर चिंचेसारखी कडक आंबट. जांभूळ आणि काजूबोंड ही तुरट मंडळी त्याच्यानंतर, आणि उग्र वासाचे फणस आणि ड्युरियन सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा वास हाताला आणि नाकाला धरून राहतो.

दोन फळांमध्ये साधं पाणी आणि निदान तीन मिनिटांची विश्रांती. आधी देठाच्या बाजूनं वास घ्यावा, मग तुकडा जिभेवर ठेवून लगेच न गिळता नाकानं श्वास सोडावा. फळाची ओळख पटते ती बरीचशी वासावरून. जिभेला कळतात ते फक्त गोड, आंबट, कडू असे ढोबळ भेद.

तुकडा वीस ते पंचवीस ग्रॅमचा, म्हणजे दोन बोटांच्या पेराएवढा. आठ फळांचे मिळून दोनशे ग्रॅमच्या आत राहा. त्यापुढे फ्रुक्टोज आणि तंतूंचा मारा एकदम होतो, पोट गुडगुडतं आणि आडोसा नसलेल्या वाटेवर पंचाईत होते.

मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, ‘चमत्कारी फळ’ म्हणून ओळखलं जाणारं लाल बोर कुठे लागवडीत मिळालं, तर ते अगदी शेवटी चाखा. त्यातल्या मिराक्युलिनमुळे अर्धा ते दोन तास आंबट गोड लागतं. मजा आहे, पण त्यानंतरची सगळी चव खोटी. आणि आंबटपणा कळत नाही म्हणून चार लिंबं चोखली, तरी त्यातलं आम्ल तोंड सोलवटायचं सोडत नाही.

प्रश्न: मागच्या फेरीनंतर दोन दिवसांनी ओठांभोवती पुरळ आलं. अननसामुळे असेल का?

दोन दिवसांनी आलं, म्हणजे अननसावर संशय घेऊ नका. अननसाचं चरचरणं तिथल्या तिथे होतं. त्यातलं ब्रोमेलिन जिभेचं पातळ आवरण सोलवटतं आणि सुईसारखे स्फटिक टोचतात. डोळे आणि मधला दांडा काढून लहान तुकडे घेतले तर त्रास कमी होतो आणि काही तासांत शमतो.

उशिरा आलेलं पुरळ बहुतेक आंब्याच्या चिकाचं किंवा काजूच्या तेलाचं असतं. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. आंबा तोडताना देठातून पहिली चिळकांडी उडते, ती सगळ्यात जहाल. देठ तोडून फळ काही वेळ देठाची बाजू खाली करून ठेवा, चीक गळू द्या, मग धुऊन साल काढा. दातांनी साल सोलायची सवय सोडा. काजूबोंड खावं, पण खाली लटकलेली कच्ची बी दातांनी फोडू नये, वाटेत भाजूही नये; टरफलाचा धूरही बाधतो. चीक लागलाच तर न चोळता साबण आणि गार पाण्यानं धुवा, नखं आणि चाकूही.

मात्र खाल्ल्यावर काही मिनिटांतच ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी आल्या, श्वासाला घरघर लागली, तर तो अ‍ॅनाफिलॅक्सिस असतो. त्यावर मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. माणसाला आडवं करावं (दम लागत असेल तर बसतं ठेवावं), चालवू नये, आणि तातडीनं रुग्णालयात न्यावं. रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना केळं, पपई, अ‍ॅव्होकॅडो हीही बाधू शकतात. त्यांनी हे वाटाड्याला आधीच सांगावं.

प्रश्न: वडिलांचं मूत्रपिंड कमजोर आहे, मुलगी सहा वर्षांची. दोघांना नेऊ का?

न्या, पण वडिलांना कमरख अजिबात देऊ नका, एक फोडसुद्धा नाही. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे चेतासंस्थेवर परिणाम करणारं विष ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये वेगळं केलं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, कमजोर मूत्रपिंडाला ते जमत नाही. न थांबणारी उचकी हे पहिलं लक्षण, मग गोंधळलेपण, झटके. चाखून झाल्यावर उचकी लागली तर घरी जाऊन बघू असं म्हणू नका, थेट रुग्णालय गाठा. पोटॅशियमचं बंधन असेल तर केळं आणि शहाळ्याचं पाणी किती, हे त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी पपनसाचं जमत नाही. रक्तातली औषधाची मात्रा वाढते. तेही विचारा.

मुलीला उपाशीपोटी नेऊ नका. मुझफ्फरपूरला 2014 मध्ये मुलं दगावली, त्याचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री न जेवता लिची, त्यातही कच्ची, खाल्लेल्या कुपोषित मुलांच्या रक्तातली साखर घसरली होती, कारण लिचीतले दोन घटक शरीराला उपाशीपणी साखर तयार करू देत नाहीत. पोटभर न्याहारी केलेल्या मुलीला पिकलेल्या दोन लिच्या काही करणार नाहीत. लिची, रॅम्बुटान, जांभूळ मुलांना बी काढूनच द्या. बुळबुळीत गोळा श्वासनलिकेत अडकतो. आणि पळता-पळता खाणं बंद.

प्रश्न: साल काढायचीच आहे, मग फळ धुवायचं कशाला?

सालीवरची घाण चाकूबरोबर गरात जाते म्हणून. आधी धुवा, पुसा, मग कापा. कापलेलं फळ दोन तासांत संपवा. हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. आधीच कापून आणलेल्या फोडींपेक्षा समोर कापलेलं अख्खं फळ केव्हाही बरं.

दातांच्या खुणा असलेलं किंवा अर्धवट कुरतडलेलं फळ कितीही गोड असलं तरी टाका. फळं खाणारी मोठी वटवाघळं निपाह विषाणू बाळगतात. मलेशियात 1998-99 मध्ये हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला.

प्रश्न: जळवांचं काय करावं?

विजार मोज्यांत खोचा. चिकटलीच तर ओढू नका, मीठही टाकू नका. तोंडाकडच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवा, ती सुटते. तिच्या लाळेतल्या हिरुडिन या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे रक्त काही वेळ वाहत राहतं, दाबून धरा.

प्रश्न: केळीच्या बागेत शिरताना बूट धुवायला लावले आणि बाहेर पडताना खिशातल्या बियाही काढून घेतल्या. हे जरा अतिच नाही का?

मुळीच नाही. केळीच्या मररोगाची ‘टीआर४’ ही बुरशी मातीतून पसरते, बुटाच्या खाचेतला चिखल तिला पुरतो आणि जमिनीत ती कित्येक वर्षं टिकते. शेतात एकदा शिरली की तिला मारणारं औषध नाही. 2019 मध्ये ती कोलंबियात पोचली. म्हणून आधी ब्रशनं चिखल पूर्ण काढायचा, मग जंतुनाशकात तळवे बुडवायचे. चिखल तसाच ठेवून बुडवलं तर जंतुनाशकाचा जोर मातीतच जिरतो.

बियांचंही तेच. खाऊन रानात भिरकावलेल्या बीतून परकं झाड रुजतं. हवाईच्या जंगलांत स्ट्रॉबेरी पेरूनं अशीच दाटी करून मूळच्या झाडांना हुसकावलं आहे. बिया आणि साली एका पिशवीत गोळा करून, ज्या बागेतलं फळ तिथल्याच खतखड्ड्यात टाका. केळीची मात्र सालही बागेबाहेर नेऊ नका.