परचेस ऑर्डरची मंजुरी: सेटिंगमध्ये बसवायची की स्क्रिप्ट लिहायची?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन युनिटबद्दलची तुमची पोस्ट वाचली. ईआरपीनेक्स्टमध्ये (कंपनीची खरेदी, साठा, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) 50,000 रुपयांपर्यंतची खरेदी परचेस मॅनेजर मंजूर करणार, त्यावरची मालक. आणि ज्यांनी सिस्टिम बसवली ते म्हणतात, हे सेटिंगमध्ये होत नाही, स्क्रिप्टचे, म्हणजे कोड लिहिण्याचे, वेगळे पैसे लागतील. होतं भाऊ, नुसत्या वर्कफ्लोवर, म्हणजे कागद कुणाकडे मंजुरीला जाणार ते ठरवणाऱ्या सेटिंगवर होतं. आमच्याकडेही हेच ऐकवलं होतं, म्हणून जरा लांबण लावतो. मी व्हर्जन 15 धरून लिहितोय. रोल (कुणाला काय करता येईल) आणि स्टेट (कागद कुठल्या टप्प्यावर आहे) कशा बनवायच्या ते तुम्हाला येतच असेल, ते सोडतो.

वर्कफ्लोच्या अटीत तीन ठिकाणी हमखास गडबड होते. एका ट्रान्झिशनला (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जायची ओळ) "50,000 पेक्षा कमी" आणि दुसऱ्याला "50,000 पेक्षा जास्त" लिहिलं की बरोबर 50,000 ची ऑर्डर अडकून बसते, कुणालाच मंजुरीचं बटण दिसत नाही. एका बाजूला "किंवा तेवढीच" हवं. दुसरं म्हणजे, अट ग्रँड टोटलवर लावू नका, बेस ग्रँड टोटलवर लावा. पहिला आकडा ऑर्डरच्या चलनात असतो, दुसरा कंपनीच्या. नाहीतर 900 डॉलरची ऑर्डर सिस्टिमला "900" दिसते आणि मॅनेजरच्या सहीवर निघून जाते. तिसरं, ट्रान्झिशनच्या ओळीत स्वतःच्या कागदाला स्वतः मंजुरी देण्याची मुभा आधीपासून टिक केलेली येते. ती काढा.

आता खरा मुद्दा. सेटिंग की स्क्रिप्ट, हा प्रश्न मी दुसरा विचारीन. पहिला प्रश्न: नियम चालतो कुठे, ब्राउझरमध्ये की सर्व्हरवर? आमच्याकडे ज्यांनी काम केलं (नाव घेत नाही) त्यांनी रकमेची तपासणी क्लायंट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये लिहिली. फॉर्म उघडून आकडा टाकला की लाल मेसेज यायचा, सगळे खूश. पण क्लायंट स्क्रिप्ट चालते ती फक्त समोर फॉर्म उघडा असताना. एक्सेलमधून डेटा इम्पोर्ट केला किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरनं एपीआयवरून (दोन सॉफ्टवेअरनी थेट एकमेकांशी बोलायची वाट) ऑर्डर पाठवली, की ती तपासणी त्या वाटेवर अस्तित्वातच नसते. मर्यादेवरच्या ऑर्डरी बिनदिक्कत आत आल्या आणि मालाच्या गाड्या फाटकात उभ्या राहिल्यावर कळलं. तक्रार केली तर दरवेळी फॉर्म उघडून तोच लाल मेसेज दाखवायचे, "आमच्याकडे बरोबर चालतंय" म्हणायचे आणि तिकीट बंद. वरून डेमो कायम ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनवर! त्या लॉगिनला परवानग्यांचा अडसरच नसतो, मग त्यात तपासलं काय?

आणि सेटिंग म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. कस्टमाइझ फॉर्ममध्ये "मँडेटरी डिपेंड्स ऑन" (अमुक अट असेल तरच भरणं सक्तीचं) नावाचा रकाना आहे. दिसतो सेटिंगसारखा, पण तोही ब्राउझरमध्येच तपासला जातो, इम्पोर्टला अडवत नाही. "रीड ओन्ली डिपेंड्स ऑन"चंही तेच. साधं मँडेटरी (कायम सक्तीचं), युनिक (दुबार नको) आणि परमिशन लेव्हल (कुठल्या रोलला कुठलं फील्ड) मात्र सर्व्हर तपासतो. वर्कफ्लोही सर्व्हरवरचा, तरी सबमिटची (ऑर्डर पक्की करण्याची) परवानगी ऑर्डर भरणाऱ्या मुलाच्या रोलकडे ठेवू नका, आणि इम्पोर्टची तर नकोच नको.

मग स्क्रिप्ट कधी? नियमाला दुसरे कागद बघावे लागले की. तुमच्याकडे आज ना उद्या हे होणार: इतवारीतल्या एकाच हार्डवेअरवाल्याला एका दुपारी 49,000 च्या दोन ऑर्डरी. वर्कफ्लो एकेक ऑर्डर सुटी बघतो, त्याला दोन्ही निर्दोष दिसतात. इथे सर्व्हर स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालणारा कोड) लिहा, प्रकार डॉकटाइप इव्हेंट (कागदावर काही घडलं की चालणारा), वेळ "बिफोर सेव्ह". त्याच सप्लायरच्या, त्याच तारखेच्या, रद्द न झालेल्या बाकी ऑर्डरींची बेस ग्रँड टोटल काढायची, त्यात ही मिळवायची आणि बेरीज एका कस्टम फील्डमध्ये (आपण वाढवलेल्या रकान्यात) टाकायची. बस, एवढंच. थांबवायचं की मालकाकडे पाठवायचं ते स्क्रिप्टमध्ये लिहू नका. वर्कफ्लोची अट त्या फील्डवर लावा. उद्या मालकानं 50 चे 75 हजार केले तर वर्कफ्लोत आकडा बदलायचा, कोडवाल्याला फोन नको. दोन्ही ऑर्डरी ड्राफ्ट, म्हणजे सबमिट न होता, एकदमच पडून असतील तर पहिलीतली बेरीज जुनी राहते, पुन्हा सेव्ह केल्याशिवाय बदलत नाही. पण निदान दुसरी मालकाकडे जातेच.

बेरीज काढताना "गेट लिस्ट" वापरू नका, "गेट ऑल" वापरा. गेट लिस्ट लॉगिनच्या परवानगीनुसार नोंदी दाखवते, त्यामुळे ज्या मुलाला फक्त स्वतःच्या ऑर्डरी दिसतात त्याच्यासाठी बेरीज कमी येईल. आणि "आफ्टर सेव्ह"मध्ये त्याच डॉक्युमेंटला पुन्हा सेव्ह करू नका, गोल गोल फिरत राहतं.

व्हर्जन 15 पासून सर्व्हर स्क्रिप्ट मुळात बंद असते, बेंचच्या (ईआरपीनेक्स्ट बसवायचं-चालवायचं साधन) कॉन्फिगमधून चालू करावी लागते. तिच्यात पायथनचं "इम्पोर्ट" चालत नाही, म्हणजे बाहेरची पायथन लायब्ररी वापरता येत नाही. माझं मत विचाराल तर 30 ओळींच्या वर गेली की स्वतंत्र कस्टम ॲप करा, हुक्समध्ये (ॲपचा कोड कधी चालायचा ते सांगणारी फाइल) डॉक इव्हेंट जोडा, कोड गिटमध्ये (कोडचा प्रत्येक बदल जपणारी जागा) ठेवा आणि त्या गिटचा ताबा तुमच्या कंपनीकडे असू द्या. हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. ईआरपीनेक्स्टच्या मूळ फाइलींना तर हातच लावू देऊ नका. तसं केलं की बेंच अपडेट अडतं, मग कुणीतरी वैतागून रिसेट लावून चालवतं आणि केलेला बदल गायब.

जीएसटीचं काहीही स्क्रिप्टमध्ये नको, त्याला इंडिया कम्प्लायन्स ॲप आहे. 22 सप्टेंबर 2025 ला बहुतेक वस्तूंवरचे 12 आणि 28 टक्क्यांचे दर गेले, तेव्हा ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये "12" लिहिलेलं होतं त्यांना एकेक ओळ शोधत बसावं लागलं असणार. दर टॅक्स टेम्प्लेटमध्येच शोभतो.

एक जाता जाता, कारण फॅब्रिकेशनवाले हे करतातच: आयटमला जाडी, ग्रेड, हीट नंबर असे कस्टम फील्ड जोडत गेलात की एक दिवस "रो साइझ टू लार्ज" (ओळ फार मोठी झाली) असा एरर येतो. डेटा प्रकारचं फील्ड 140 अक्षरांचं, अक्षरामागे 4 बाइट, म्हणजे 560, आणि मारियाडीबीत (ईआरपीनेक्स्टचा डेटाबेस) एका ओळीची मर्यादा 65,535 बाइट. साधारण 115 फील्डांत संपतं, त्यात आधीचीही आलीच. ज्यांवर शोध घ्यायचा नाही ती स्मॉल टेक्स्ट करा. तो प्रकार या मर्यादेत जेमतेम मोजला जातो.