कुत्र्या-मांजरांची चित्रं काढून पोट भरेल का?

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत. मजकूर थोडक्यात असा:

"मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटचे मार्क सरकारी कॉलेजपर्यंत पोचणारे नाहीत. आम्ही रिपीट म्हणतोय आणि ती म्हणते, मी खडूने प्राण्यांची चित्रं काढणार. दहा महिन्यांत लोकांच्या कुत्र्या-मांजरांची चौदा चित्रं करून दिली, प्रत्येकी दीड हजार घेतले. एका चित्राला तेरा-चौदा तास बसते, सारख्या शिंका देते. सामानाला साडेपाच हजार मीच दिले. शाळेत असताना इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. चित्रं चांगली आहेत हे मलाही दिसतं, पण कुत्र्या-मांजरांवर कुणाचं पोट भरलंय का? फोटो पाठवतोय. स्पष्ट लिहा."

नमस्कार,

स्पष्ट लिहायचं तर आधी हिशेब करू, कारण तो तुम्हीच अर्धा करून पाठवलाय. चौदा चित्रांचे एकवीस हजार. त्यातून सामानाचे साडेपाच गेले, उरले साडेपंधरा. चौदा चित्रांना चौदा-चौदा तास धरले तर १९६ तास होतात. म्हणजे तासाला ऐंशी रुपयेसुद्धा पडले नाहीत. हे वाचून "बघ, मी म्हणत होतो ना" असं मुलीला म्हणू नका. दर तिने स्वतः ठरवलेला नसणार. पहिल्या गिऱ्हाइकाने, बहुतेक तुमच्याच ओळखीतल्या कुणीतरी, "किती देऊ?" विचारलं असेल आणि पोरीने लाजून एक आकडा सांगितला असेल. तोच पुढे चालू राहिला.

तुम्ही त्याला खडू म्हणता. म्हणा, पण फळ्यावरचा खडू तो नव्हे. सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगद्रव्य, कांडी बांधून राहील एवढाच त्यात डिंक. व्हेनिसची रोसाल्बा कारिएरा १७२० साली पॅरिसला गेली आणि तिने याच कांड्यांनी लहानग्या पंधराव्या लुईचं व्यक्तिचित्र केलं. तेव्हा मोठमोठे लोक तिच्यापुढे बसायला धडपडत होते. माध्यम हलकं नाही. मात्र ते नाजूक आहे, आणि धंद्याच्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

आता फोटोंबद्दल. नऊपैकी सात चित्रं सुबक आहेत, आणि सुबक काम करणारे पुष्कळ असतात. लॅब्रेडॉरचं चित्र बघा: डाव्या डोळ्यातला चमकीचा ठिपका खिडकीकडून आलाय, उजव्यातला समोरून. मोबाइलचा फ्लॅश आणि खिडकी असे दोन उजेड मूळ फोटोत होते आणि तिने ते जसेच्या तसे उतरवले. नाकही जरा मोठं झालंय, कारण मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत ते मोठंच येतं. काळ्या मांजराला नुसता काळा लावलाय. काळी केसाळ कातडी उजेडात निळी, जांभळी, कुठेतरी तपकिरी दिसते. ते फोटोत सापडत नाही, मांजर उन्हात आणून बसवलं की दिसतं.

आणि मग तो खिलार बैल. हे चित्र कुणाच्या ऑर्डरचं नाही, मामाच्या गोठ्यात बसून केलंय, असं तुम्ही फोटोमागे लिहिलंय. करड्या कागदावर तिने मुसकटाचा ओला भाग रंगवलेलाच नाही. कागद तसाच सोडून वर पांढऱ्याचे दोनच फटकारे दिलेत, आणि नाक ओलं दिसतंय. वेसणीखाली केस दबून उलटे फिरलेत, तेही सुटलेलं नाही. हे फोटोवरून येत नाही. तासभर गोठ्यात डास खात बसल्यावर येतं. तुमच्या मुलीत चित्रकार आहे की नाही याचं माझ्यापुरतं उत्तर या एका चित्रात मिळालं.

म्हणून माझं म्हणणं असं: तिला कलेकडे जाऊ द्या, पण "पेट पोर्ट्रेट" एवढ्या एकाच खुंटीला तिचं सगळं आयुष्य टांगू नका. आणि कलेला जाऊनही ती फक्त फोटो गिरवणार असेल तर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. फोटोला पेस्टलची छटा देणारी अॅप मोबाइलमध्ये आहेत, क्षणात काम करतात आणि शिंकत नाहीत.

बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) हा कलेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि सायन्सची बारावी त्याला चालते. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी ही कला अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हाताने काढावं लागतं, शिवाय सामान्यज्ञानाचा पेपर. स्मरणचित्राला समोर फोटो नसतो! बाजारात बैल विकणारा शेतकरी काढा म्हटलं की तो आठवणीतून काढायचा. तिने आजपासून रोज एक आकृती न बघता काढावी. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासूनचं, त्याला आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथल्या प्रवेशाचं त्या वर्षीचं पत्रक वेगळं बघा. पुण्यात अभिनव, तुमच्या जवळ कोल्हापूर-सांगलीतही कला महाविद्यालयं आहेत. अर्जाच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर येतात. त्या चुकवून वर्ष घालवणारी मुलं मला दरवर्षी भेटतात.

चित्रकला की उपयोजित कला? हाताचा आणि डोळ्याचा पाया चित्रकला शाखेत जास्त पक्का होतो. पण तुमच्या घरची काळजी ओळखून मी उपयोजित कलेकडे झुकेन. बोधचित्रण, पुस्तकं, अॅनिमेशन, वनविभागाच्या निसर्ग परिचय केंद्रांतले फलक, इथे प्राणी काढणाऱ्याला काम मिळतं. तिथे तिचं बारावीचं बायोलॉजी वाया जात नाही. सांबराच्या खांद्याचं हाड कुठे वळतं हे ठाऊक असणारा चित्रकार आणि नसणारा, यांच्या चित्रांत फरक पडतोच. सीईटी जमली नाही तर झूऑलॉजी घेऊन बीएस्सी आणि बाजूला चित्रं, हाही वाईट रस्ता नाही. नीट रिपीट मात्र तिच्या मनाविरुद्ध करू नका. ते वर्ष ती चित्र न काढता आणि अभ्यासही न करता घालवेल.

ऑर्डरी बंद करायला सांगू नका. फक्त एक वही घालून द्या. चित्राचा आकार, तास, कागद, कांड्या, गिऱ्हाईक कुठून आलं, पैसे कधी आले, सगळं त्यात. ए-फोर आकाराचं एका प्राण्याचं चित्र नऊ-दहा तासांत बसवायचं आणि चार हजार सांगायचे. महिन्याला चार चित्रं झाली तर सोळा हजार, चित्रामागे चारशेचं सामान धरलं तर चौदा हजार चारशे उरतात. बोलणं, फोटो मागणं, पॅकिंग यात प्रत्येक चित्रामागे आणखी चार तास जातात, तेही वहीत मांडा. एवढ्यात कराडला तुमच्या घरी राहून भागतं, पुण्यात भाडं भरून भागत नाही. शिवाय दिवाळीला रांग लागेल आणि जूनमध्ये वही कोरी राहील. या कमाईत कॉलेजचा सामानखर्च निघाला तरी पुष्कळ झालं.

गिऱ्हाईक फक्त लॅब्रेडॉरवाल्या फ्लॅटमध्ये शोधू नका. शर्यतीच्या बैलावर लाखांनी खर्च करणारी माणसं तुमच्या तालुक्यात आहेत. बैल जिंकला की चौकात फ्लेक्स लावतात आणि महिनाभरात तो फाटतो. त्यांना बैलाचं हाताने केलेलं चित्र कुणी दाखवलंय का? पोळ्याच्या आधी तो खिलार दोन गोठ्यांत दाखवून बघा.

पेस्टलचं चित्र विकणाऱ्याला आणखी एक कटकट असते, ती म्हणजे काच. माझाच अनुभव सांगतो. आमच्या बोक्याचं पेस्टल चित्र मी हौसेने करून घेतलं होतं. फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न घालता काच थेट चित्रावर टेकवली. ऑगस्टमध्ये आत दमट झालं, आणि उघडून बघतो तर बोक्याच्या उजव्या मिशा काचेला आणि डाव्या कागदावर. काच आणि चित्र यांत पोकळी ठेवावीच लागते. काचेऐवजी साधं अॅक्रिलिक लावलं तर ते घासलं की रंगाची भुकटी ओढून घेतं. कुरिअरने पाठवायचं तर फ्रेमशिवाय, वर ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद आणि दोन्ही बाजूंनी कडक फोम बोर्ड. रंग कागदाला धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचा भरमसाठ फवारा मारला तर उजळ रंग दबतात, म्हणून तोही बेताने.

शिंका चेष्टेवारी नेऊ नका. भुकटी तोंडाने फुंकायची नाही, कागद मागून टिचकी मारून खाली पाडायची. ईझलखाली ओला फडका, नाकाला एन-९५, जमीन झाडायची नाही तर पुसायची. काही कांड्यांत कॅडमियमसारखी द्रव्यं असतात, म्हणून त्याच हाताने चहा-बिस्किट नको. घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पैशाच्या बोलीत निम्मी रक्कम आगाऊ, पेन्सिलचा आराखडा पसंत झाला की मगच रंग. रंग चढल्यावर "जरा हसरा करा" चालत नाही. कागदाच्या दातांत, म्हणजे खरखरीत पृष्ठभागात, रंग भरला की पुढचा थर बसतच नाही. गेलेल्या कुत्र्याचं चित्र मागणारी माणसं रडत येतात, एकच धूसर फोटो आणतात. अशा वेळी नाही म्हणायला तिला शिकवा, निदान दुसरा फोटो मागायला. आणि एक कायद्याची गोष्ट तिला कुणी सांगितली नसेल. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. उद्या त्या चित्राचे प्रिंट विकायचे असतील तर आधी चार ओळी लिहून घ्यायला हव्यात. वाघ-बिबट्याची चित्रं इंटरनेटवरचे फोटो बघून करत असेल तर फोटोग्राफरची लेखी परवानगी हवी. (पिंजऱ्यातल्या पोपटाचं चित्र मागायला कुणी आलं तर चित्र बिनधास्त काढावं, देशी पोपट घरात ठेवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे पैसे घेऊन झाल्यावर सांगावं.)

वाघासाठी ताडोबाला जायची घाई नको. सागरेश्वर अभयारण्य तुमच्या जवळ आहे, तिथे चितळ आणि सांबर आहेत. सकाळी लवकर वही घेऊन न्या तिला. आठवडी बाजार, जनावरांचा दवाखाना, मामाचा गोठा हेही आहेतच. महिन्याला वीस जिवंत रेखाटनं व्हावीत. पाठ वळवून निघून जाणाऱ्या शेळीची तीन रेषांतली अपुरी आकृतीसुद्धा चालेल. वर्षभराने ती वही आणि हिशेबाची वही, दोन्ही मला पाठवा. बॉम्बे आर्ट सोसायटी किंवा राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात काही पाठवायचं की नाही, ते तेव्हा बघू.

आणि हो, फोटोत मागे दिसतंय की तिने सगळी चित्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवली आहेत. प्लास्टिक पेस्टल ओढतं, वर तुमच्याकडचा पावसाळा. आजच बाहेर काढा, मध्ये ग्लासीन घालून पुठ्ठ्यात आडवी ठेवा. खिलार सगळ्यात आधी.