आयएसबीएन कोणाच्या नावावर?

प्रश्न : माझ्या कवितासंग्रहाची छपाई ठरली आहे. मुद्रक म्हणतात, ‘आयएसबीएन आम्ही काढून देतो, अडीच हजार पडतील.’ मी स्वतः काढू शकतो का?
– एक वाचक, सातारा

काढू शकता, आणि एक पैसाही न देता. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा तेरा आकडी आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. भारतात हा क्रमांक शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली, नवी दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते. २०१६ पासून अर्ज ऑनलाइन होतो; संकेतस्थळ ‘आयएसबीएन डॉट गव्ह डॉट इन’. कोणी अर्ज भरून देण्याची मजुरी मागत असेल तर ती त्याची मजुरी आहे, सरकारी फी नव्हे.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे क्रमांक कोणाच्या नावावर निघतो. तेरा आकड्यांचे पाच भाग असतात : आधी ९७८, मग भारताचा ८१ किंवा ९३, मग प्रकाशकाचा, मग त्या विशिष्ट पुस्तकाचा आणि शेवटी तपासणीचा एक आकडा. मुद्रकाने आपल्याकडच्या साठ्यातला क्रमांक दिला, तर तिसरा भाग त्याचा असतो आणि नोंदीत प्रकाशक म्हणून तोच लागतो. पुढची आवृत्ती तुम्ही स्वतः काढायची ठरवलीत तर तो क्रमांक सोबत नेता येत नाही, नवा घ्यावा लागतो. म्हणून मुद्रकाला एवढेच विचारा : ‘प्रकाशकाच्या रकान्यात कोणाचे नाव?’

अर्ज दोन टप्प्यांत होतो. आधी ‘लेखक-प्रकाशक’ म्हणून खाते उघडून ओळखपत्र चढवायचे. मग पुस्तकाची माहिती भरायची : शीर्षक, भाषा, बांधणी, पाने, किंमत, प्रकाशनाचा अंदाजे महिना. सोबत मुखपृष्ठ, शीर्षकपान आणि त्याच्या पाठचे पान लागते, त्यामुळे पुस्तकाची मांडणी निदान इथवर तयार हवी. अर्ज अडतो तो बहुधा क्षुल्लक विसंगतीवर. आधारवर ‘बाळकृष्ण’ आणि अर्जात ‘बाळासाहेब’. मुखपृष्ठावर एक शीर्षक, अर्जात उपशीर्षकासह दुसरेच. किंवा अर्ज लेखकाच्या नावाने आणि मुखपृष्ठाच्या तळाशी हौसेने टाकलेले ‘अमुक प्रकाशन’. टोपणनावाने लिहीत असाल तर ते लेखकाच्या रकान्यात चालते; खाते मात्र ओळखपत्रावरच्या नावानेच. आणि प्रकाशन समारंभाची तारीख क्रमांक हातात आल्यावर ठरवा. पत्रिका छापून मग अर्ज करणारे बरेच असतात, आणि मग मुद्रकाचे अडीच हजार त्यांना स्वस्त वाटू लागतात.

प्रश्न : तेच पुस्तक कच्च्या बांधणीत, पक्क्या बांधणीत आणि ई-बुक म्हणून काढायचे आहे. एक क्रमांक पुरेल?
– एक वाचक, कोल्हापूर

नाही, तीन लागतील. ई-बुक ईपब आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत स्वतंत्रपणे विकणार असाल तर चार. हिंदी अनुवाद आला की त्याचा वेगळा. मजकुरात खरी भर घालून केलेली सुधारित आवृत्ती असेल तरी नवा. निव्वळ पुनर्मुद्रण, चार मुद्रणदोष सुधारणे, किंमत बदलणे किंवा मुखपृष्ठ बदलणे यासाठी जुनाच क्रमांक चालतो. आपल्याकडे पुनर्मुद्रणालाही ‘दुसरी आवृत्ती’ म्हणायची सवय आहे. अर्ज भरताना ती बाजूला ठेवा.

फक्त किंडलवर ई-बुक टाकायचे असेल तर आयएसबीएन सक्तीचा नाही. ॲमेझॉन एएसआयएन हा आपला ओळखक्रमांक देते. गूगल प्ले बुक्सही आपली खूण देते. त्या खुणा मात्र त्या त्या दुकानापुरत्याच.

प्रश्न : क्रमांक मिळाला, पण बारकोडचे सॉफ्टवेअर तो ‘अवैध’ म्हणते. दुसऱ्या पुस्तकाचा बारकोड तयार झाला, तर दुकानातल्या स्कॅनरला वाचता येत नाही.
– एक वाचक, फोंडा, गोवा

पहिल्या पुस्तकात बहुधा टंकनात आकडा चुकला आहे. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून निघतो. समजा ते बारा ९७८९३१२३४५६७ आहेत. डावीकडून एकाआड एक आकड्याला १ आणि ३ ने गुणा : ९, २१, ८, २७, ३, ३, २, ९, ४, १५, ६, २१. बेरीज १२८. पुढची दहाच्या पटीतली संख्या १३०, म्हणून तेरावा आकडा २. एखादा आकडा चुकला की हे गणित फिसकटते. एक फट मात्र आहे : शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल, जसे २ आणि ७, तर ते उलटसुलट झाले तरी बेरीज जुळते आणि सॉफ्टवेअर मुकाट्याने चुकीचा बारकोड बनवते. म्हणून क्रमांक टाइप करू नका, एजन्सीच्या पत्रातून उचलून चिकटवा. प्रताधिकाराच्या पानावर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये पडला तर रोमन अक्षरांचा चुथडा होतो. त्या ओळीला इंग्रजी फाँट आणि इंग्रजी आकडे द्या.

दुसऱ्या पुस्तकाची तक्रार छपाईची आहे. पुस्तकावर छापतात त्या ईएएन-१३ बारकोडचा मूळ आकार ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर, तो ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो. मलपृष्ठावर जागा नाही म्हणून त्याहून दाबला की रेघा एकमेकींत मिसळतात. दोन्ही बाजूंची कोरी जागा सोडावीच लागते : मूळ आकारात डावीकडे सुमारे ३.६ आणि उजवीकडे २.३ मिलिमीटर. तिच्यात चौकटीची रेघ घुसली तरी स्कॅनर अडतो. रेघा फक्त काळ्या शाईत छापा. चार रंगांतून केलेला काळा असेल आणि प्लेट केसभर सरकली तर कडा फाटतात. लाल रेघा तर नकोच. दुकानातल्या स्कॅनरच्या लाल प्रकाशात त्या पांढऱ्याच दिसतात. बारकोडसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. डीटीपीवाल्याकडे कोरल ड्रॉ असेल तर तो त्यातच करून देईल. फक्त जेपीजी नव्हे, व्हेक्टर (लहानमोठे केले तरी न बिघडणाऱ्या) स्वरूपात ठेवायला सांगा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाला आयएसबीएन मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

दरवर्षी त्याच नावाने निघणारा अंक नियतकालिकात मोडतो. त्याला आयएसएसएन हा नियतकालिकांचा आठ आकडी क्रमांक लागतो आणि तो एकदाच घ्यायचा असतो. डायरी, कॅलेंडर, स्मरणिकेतल्या जाहिरातींची पुरवणी, यांना दोन्ही नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. मराठी कादंबरी स्वतः प्रकाशित करून पुण्यात छापणार आहे. क्रमांक कुठून घ्यावा?
– एक वाचक, अमेरिका

भाषा मराठी, छपाई पुण्याची, याला महत्त्व नाही. प्रकाशक जिथे, तिथली एजन्सी. म्हणजे तुमच्यासाठी अमेरिकेची एजन्सी बोकर : एकाचे १२५ डॉलर, दहांचे २९५. तीन रूपांत पुस्तक काढायचे असले तरी दहांचा संच परवडतो. कॅनडात राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला मात्र तिथल्या एजन्सीकडून क्रमांक फुकट मिळेल. पुण्याच्या प्रकाशकाने पुस्तक आपल्या नावाने काढले तर प्रश्नच मिटला, क्रमांक त्याचा.

प्रश्न : आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइटही मिळाला ना?
– एक वाचक, लातूर

दोन्हींचा संबंध नाही. कॉपीराइट लिहिता क्षणीच तुमचा होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीची फी ५०० रुपये. आयएसबीएन पुस्तकाच्या दर्जाची पावतीही नाही. एजन्सी मजकूर तपासत नाही.

कायद्याने करायचे असते ते बहुतेक लेखक-प्रकाशकांच्या गावीही नसते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत पुस्तकाची एकेक प्रत स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचे सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना पाठवायची. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाची किंमत. छपाईचा आकडा ठरवताना या चार प्रती आधीच बाजूला काढा आणि पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा.