‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ वाचायला वेळ नाही, नुसतं ऑडिओबुक ऐकलं तर चालेल का?

हो, चालेल, फक्त दुसरं काम करताना ऐकू नका. बेथ रोगॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रौढांवर केलेल्या अभ्यासात माहितीपर पुस्तक ऐकणाऱ्यांच्या आणि ई-बुकवर वाचणाऱ्यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही, दोन आठवड्यांनंतरही नाही. म्हणजे ऐकणं हे काही कमी दर्जाचं वाचन नव्हे.

पण मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचं, माणूस विचार कसा करतो यावरचं हे पुस्तक श्रोत्याकडून काम करून घेतं. सुरुवातीलाच 17 गुणिले 24 येतं. तिथे ऑडिओ थांबवून तोंडी गुणाकार कराच (उत्तर 408). डोक्याला पडणारा तो ताण म्हणजेच लेखक जिला ‘सिस्टिम 2’ म्हणतात त्या सावकाश, मेहनतीने चालणाऱ्या विचारपद्धतीचं काम (झटपट, आपोआप चालणारी ती ‘सिस्टिम 1’). बॅट आणि बॉलचं कोडंही तसंच: दोन्ही मिळून 1.10 डॉलर, बॅट बॉलपेक्षा 1 डॉलरने महाग, तर बॉल कितीचा? मनात पटकन 10 सेंट येतं, खरं उत्तर 5 सेंट. न थांबता ऐकलंत तर चकल्याचा अनुभवच येत नाही, आणि पुस्तकाचा जीव त्या अनुभवात आहे. प्रॉस्पेक्ट थिअरीचा (नफा-तोटा आपल्याला कसा जाणवतो, याच्या सिद्धांताचा) आलेख मात्र डोळ्यांनीच बघा, तो ऐकून डोळ्यांसमोर उभा राहणं अवघड.

एक सावधगिरी: चौथ्या प्रकरणातले ‘प्रायमिंग’चे (आधी दिसलेल्या शब्दाचा किंवा चित्राचा पुढच्या वागण्यावर नकळत परिणाम होतो, असं सांगणारे) प्रयोग पक्के धरू नका. लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण जास्त विश्वास ठेवला, हे काहनेमन यांनी स्वतः 2017 मध्ये मान्य केलं.