वाचकांचे प्रश्न : पाचचा गजर, उशाशी गोळी, द्राक्षाचे पैसे आणि सहा कप चहा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. चारही नाशिक शहर आणि जिल्ह्यातली. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत आहे. वय ३६. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, नाईट बारा ते सात. वर्षभरात चार वेळा ठरवलं की पहाटे पाचला उठून गोल्फ क्लब मैदानावर चालायला जायचं. दहा-बारा दिवस जमतं आणि सुटतं. बायको म्हणते, तुमच्यात चिकाटीच नाही. तिचं खरं आहे का?

उत्तर : नाही. दहा-बारा दिवस हा आकडाच कारण सांगतो आहे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही सुरुवात करता. एरवीही सव्वापाचला उठावंच लागतं, त्यामुळे सात दिवस सहज निघतात. मग सेकंड लागते. बाराला सुटून घरी पोचायला पाऊण, हातपाय धुऊन, दोन घास खाऊन झोप लागेपर्यंत दीड. पाचच्या गजराला उठलात तर झोप साडेतीन तासांची. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. तीन-चार दिवस शरीर ओढून नेतं, नंतर हात आपोआप गजर बंद करतो. यात चिकाटीचा संबंध नाही. बाईसाहेबांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

तुमच्या नोकरीत चालणं घड्याळाला बांधता येणार नाही. जे तिन्ही शिफ्टमध्ये घडतंच, त्याला बांधा. फर्स्टमध्ये घरी आलात की डबा ओट्यावर ठेवायचा, चहा घ्यायचा आणि पाचच्या सुमाराला बाहेर पडायचं. सेकंडमध्ये नऊला उठून तोंड धुतलं की लगेच, जेवणाआधी. एप्रिल-मेमध्ये नऊचं ऊन लागतं, तेव्हा सावलीच्या बाजूने वीस मिनिटं पुरे. नाईटमध्ये सकाळी घरी आल्यावर अजिबात चालू नका, दुपारी झोपून उठल्यावर चाला. आणि गोल्फ क्लब सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. मैदान छान आहे, पण सिडकोतून जाण्यायेण्यात जितका वेळ जातो तितक्यात तुमचं चालणं घराजवळच उरकतं. पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं. बूट आणि मोजे दाराशी, कपाटात नाही.

नाईटच्या आठवड्यात झोप सांभाळली नाही तर बाकी सगळं कोसळतं. खिडकीवर जाड सोलापुरी चादर दोरीने ताणून बांधा, कडेने उजेड येता कामा नये. डोळ्यांवर पडणारा सकाळचा उजेड शरीराला ‘दिवस झाला’ असं सांगतो आणि झोप उथळ होते. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. म्हणून नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा पहाटे तीनच्या आत. शिफ्टला निघण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास पडलात तर पहाटे चारची पेंग बरीच कमी होते. आणि नाईट करून मोटारसायकलवर घरी येऊ नका. कंपनीची बस धरा. हायवेवर दोन सेकंदांची डुलकी पुरते.

तुमची पाळी फर्स्ट-सेकंड-नाईट अशी पुढे सरकते की नाईट-सेकंड-फर्स्ट अशी मागे, हेही पाहा. पुढे सरकणारी शरीराला सोपी जाते, कारण झोप लांबवणं हे लवकर आणण्यापेक्षा कमी त्रासाचं असतं. मागे सरकत असेल तर चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून सुपरवायझरशी बोलण्यासारखी गोष्ट आहे.

आणखी एक. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे डोक्यातून काढा. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. मधला एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा शिफ्ट बदलण्याच्या दिवशी खाडा गृहीतच धरा. लागोपाठ दुसरा दिवस मात्र चुकवू नका.

प्रश्न : इंदिरानगरहून. आईला (वय ६७) थायरॉइडची गोळी आहे. सकाळी उठल्या उठल्या ती आधी चहा ठेवते, गोळी आठवते नाश्त्यानंतर. मी रोज ओरडते, रोज भांडण होतं. गेल्या तपासणीत टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, गोळी कमी पडली की वाढतो) वाढलेलं आलं.

उत्तर : चहा ही तुमच्या आईची चाळीस-पन्नास वर्षांची सवय, गोळी कालपरवाची. दोघींची शर्यत लावली तर गोळी रोज हरणार. म्हणून गोळी चहाच्याही आधी येणाऱ्या गोष्टीला जोडायला हवी, आणि ती गोष्ट म्हणजे उशाशी असलेलं पाणी. रात्री तांब्याभांडं झाकून ठेवतच असाल. गोळ्यांची बाटली त्या झाकणावर ठेवा. बाटली उचलल्याशिवाय पाणी पिता येत नाही आणि गोळी हातात आलेलीच असते. तुम्ही काही बोलायची गरज उरत नाही, आणि हाच या युक्तीचा मोठा फायदा आहे.

गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, तासाने घेतला तर उत्तम. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. घरोघर हीच चूक होते, सगळ्या गोळ्या एका मुठीत घेतल्या जातात. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत ही गोळी काढून ठेवू नका. ओल आणि उजेड तिला सोसत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. ‘घेतली की नाही’ हा गोंधळ टाळायला कालनिर्णयाला दोऱ्याने पेन्सिल बांधा, घेतली की तारखेवर टिंब.

डोस वाढवून घेण्याआधी डॉक्टरांना खरं सांगा की महिन्यातून अमुक दिवस गोळी नाश्त्यानंतर गेली. ते कळलं नाही तर डोस वाढेल, आणि पुढे गोळी वेळेवर जायला लागली की तोच डोस जास्त होईल. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून स्वतःच्या मनाने दोन गोळ्या देऊ नका.

प्रश्न : निफाड तालुक्यातून. आमची द्राक्षबाग आहे. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि गणपतीपर्यंत संपतात. मग किराण्याची उधारी, दिवाळीला हातउसने. मी तीनदा हिशोबाची वही सुरू केली, महिन्याच्या वर टिकली नाही. व्यवहार सासरे (नाना) बघतात. त्यांना कसं सांगू?

उत्तर : ताई, वही टिकली नाही कारण ती रोज लिहायची होती, आणि तिच्यातून पुढे काही ठरत नव्हतं. नुसती नोंद कुणालाच फार दिवस करवत नाही.

आधी एकदाच बसून वर्षाचा आकडा काढा. उदाहरणापुरतं धरू : महिन्याचा घरखर्च २२,०००, म्हणजे वर्षाचे २,६४,०००. आता वर्षातून एकदाच येणारे खर्च. जूनची फी, गणवेश, वह्या-पुस्तकं ३५,०००. दिवाळी २०,०००. विम्याचा हप्ता १८,०००. लग्नकार्य, आहेर १५,०००. दवाखान्यासाठी राखीव २४,०००. हे झाले १,१२,०००. एकूण ३,७६,०००, म्हणजे महिन्याला ३१,००० च्या वर. घरातली सगळी माणसं ‘आपल्याला बावीस लागतात’ असं धरून चालतात आणि वरचे नऊ हजार कुणाच्याच हिशोबात नसतात. गणपतीपर्यंत पैसे संपतात ते इथे.

दुसरी गळती ओट्यावर आहे. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), खुडा (काढणी) चालू असताना मजुरांचा चहा, साखर, पोहे, तेल घरच्याच किराण्यातून जातं. त्या महिन्यांत किराणा एवढा का वाढला ते कळत नाही आणि बोल घरातल्या बाईला लागतो. दुकानदाराच्या बिलावरच अशा वस्तूंपुढे ‘शे’ लिहा, शेतीचा खर्च म्हणून. बस, तेवढंच. महिनाअखेरीला ‘शे’ची बेरीज बागेच्या खर्चात टाका.

रोजची वही सोडा. आठवडे बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पंधरा मिनिटं द्या. बिलं एका डब्यात टाकत जा, फोनवरून दिलेले पैसे फोनमध्येच दिसतात. पाच रकाने पुरेत : किराणा-भाजी, दूध, शिक्षण, दवाखाना, येणंजाणं. किरकोळ पन्नास-शंभराचा ताळा लागला नाही तर सोडून द्या. पैशापैशाचा हिशोब जुळवायच्या नादातच वह्या बंद पडतात.

पैसे हातात आले की घरखर्चाचे वेगळ्या खात्यात. व्यापाऱ्याचा चेक हातात पडला म्हणजे पैसे आले असं नाही, खात्यात जमा झाले की आले. समजा १ मार्चला जमा झाले. मार्च ते जूनचा खर्च बचत खात्यात ठेवा, जूनची फी त्यातच धरा. पुढच्या चार महिन्यांसाठी १२० दिवसांची ठेव, त्यापुढच्या चारांसाठी २४० दिवसांची. पहिली जूनअखेर सुटते, दुसरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. दिवाळी कधी त्याच्याही आधी येते, म्हणून तिचे पैसे पहिल्या ठेवीत धरा. प्रत्येक ठेव एकरकमी न करता दोन-तीन पावत्यांत करा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल. ठेव बँकेतच असावी. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पाव-अर्धा टक्का जास्त व्याजासाठी वर्षाचं पीठमीठ तिथे ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता नाना. सौदा ठरण्याच्या दिवशी किंवा पैसे आल्यावर बोलू नका. तोवर औषधवाल्याची उधारी, पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता हे सगळं त्यांच्या डोक्यात मांडून झालेलं असतं. जानेवारीत, मणी भरत असताना बोला. एक कागद न्या, त्यावर वर्षाचे खर्च लिहिलेले आणि खाली गेल्या वर्षी उधारीवर गेलेली रक्कम. ‘नाना, बागेचा व्यवहार तुम्हीच बघा. फक्त घरखर्चाचे एवढे आधी बाजूला काढून द्या, दिवाळीला कुणापुढे हात पसरायला नको’ असं म्हणा. खातं त्यांच्या आणि तुमच्या दोघांच्या नावावर असू द्या. दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात आपोआप वळती करायची सूचना बँकेला एकदा लेखी दिली की दर वेळी मागावं लागत नाही. मागावं लागणं हेच बहुतेक घरांत वादाचं मूळ असतं.

प्रश्न : नाशिकरोडहून. दिवसाला सहा कप चहा होतो. साखर कमी करायची आहे, बिनसाखरेचा घशाखाली उतरत नाही.

उत्तर : कपाला दोन चमचे धरले तर बारा चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा साधारण ५० ग्रॅम सांगते आणि २५ च्या आत असेल तर अधिक बरं म्हणते. तुमची मर्यादा चहातच संपते, गोडधोड अजून बाजूलाच आहे.

एकदम बंद केली की चौथ्या दिवशी दुप्पट घातली जाते. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. जिभेला फरक कळत नाही आणि सहा आठवड्यांत दोनाचा अर्धा चमचा होतो. घरी चहा एकाच पातेल्यात होत असेल तर साखर पातेल्यातलीच कमी करा. तुमच्यासाठी वेगळा कप ठेवला तर तो आठवडाभरच टिकतो. टपरीवरचा चहा आधीच गोड असतो, तिथे ‘कटिंग’च सांगा. आणि साखरेच्या डब्यातला मोठा चमचा काढून लहान टाका. घाईत कुणीच मोजत नाही, हातात येईल तो चमचा भरून घातला जातो.